श्वान, मशाल आणि तारा

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयांत अगदीं वरच्या फळीवर टॉमस अक्वायनसच्या लॅटिन ग्रंथांचे कांहीं जाडजूड खंड आहेत. वर्षेंच्या वर्षें त्यांना कोणाचा हात लागत नाहीं. मागें एकदां एक संदर्भ पाहावयाचा म्हणून शिडीवर चढून त्यांतील एक खंड मीं खालीं काढला. बरोबर इतिहासाचा एक विद्यार्थी होता. धूळ झटकून पुस्तक उघडलें तेव्हां त्याचें लक्ष ग्रंथाच्या नांवाकडे न जातां नांवाखालच्या लहानशा चित्राकडे गेलें. एक ढाल, ढालींत मिटलेल्या पुस्तकावर बसलेला कुत्रा, कुत्र्याच्या तोंडांत पेटलेली मशाल, आणि वर एक तारा. "सर, साधूच्या पुस्तकावर कुत्रा कशाला?" असें त्यानें विचारलें.

या प्रश्नाचें उत्तर माझ्यापाशीं तयार होतें. वीस वर्षें वर्गांत मी तें देत आलों होतों. हें डोमिनिकन भिक्षुसंघाचें ढालचिन्ह. 'डोमिनिकानी' या लॅटिन शब्दाचे दोन तुकडे पाडले कीं 'डोमिनी कानेस' असे शब्द होतात, म्हणजे 'प्रभूचे कुत्रे', म्हणून कुत्रा. संघाच्या संस्थापकानें इन्क्विझिशन स्थापन करून पाखंडी माणसें जाळलीं, म्हणून मशाल. या उत्तरावर वर्गांत हंशा पिकतो, आणि हंशा पिकला कीं आपण कांहीं शिकविलें असें शिक्षकास वाटतें. त्या दिवशीं मात्र, पुस्तक हातांत होतें म्हणून म्हणा, किंवा तो विद्यार्थी न हंसतां तसाच बघत राहिला म्हणून म्हणा, मला स्वतःच्याच उत्तराची शंका आली. पुढच्या सुटींत हा विषय मीं मुळापासून पाहिला, तेव्हां उत्तराचे दोन्ही भाग चुकीचे निघाले. त्या चुकीची भरपाई करावी म्हणून हा लेख लिहीत आहें.

प्रथम ढालीविषयीं. युरोपांत ढालचिन्हांची पद्धति बाराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रुजली. शिरस्त्राणानें चेहरा झांकलेल्या योद्ध्यास ओळखावयाचें कसें, ही अडचण ढालीवरील चित्रानें सुटली. पुढें बापाची ढाल मुलाकडे जाऊं लागली, आणि चिन्ह व्यक्तीचें न राहतां कुलाचें झालें. मग शहरांनीं, विद्यापीठांनीं आणि मठांनींही आपापलीं चिन्हें घेतलीं. या विद्येचें स्वतःचें व्याकरण आहे. रंग मोजके असतात. पांढऱ्यास रुपें आणि पिवळ्यास सोनें समजावयाचें, धातूवर धातु किंवा रंगावर रंग ठेवावयाचा नाहीं, असे तिचे नियम असून त्यांच्या पालनाविषयीं हे लोक आपल्याकडील वैय्याकरणांइतकेच कर्मठ असतात.

आतां डोमिनिक हा भीक मागून राहणारा मनुष्य. स्पेनमधील कॅस्टील प्रांतांत कालेरुएगा नांवाच्या गांवीं ११७० च्या सुमारास त्याचा जन्म झाला. १२१६ च्या डिसेंबरांत पोप तिसरा होनोरिअस यानें त्याच्या संघास मान्यता दिली. आणि १२२१ च्या ऑगस्टच्या ६ तारखेस तो इटलींत बोलोन्या येथें वारला. आपल्या भिक्षूंनीं जमीनजुमला ठेवूं नये, वाटेनें पायीं चालावें, दारोदार अन्न मागावें, असा त्याचा कटाक्ष होता. अशा मनुष्यास कुलचिन्ह कसलें? त्यानें तें घेतलेंही नाहीं. ढाल आली ती त्याच्या मागें फार उशिरां. तोंवर संघाचे भव्य मठ झाले होते, विद्यापीठांतून त्याचे आचार्य शिकवीत होते, आणि राजेलोक आपल्या पापांची कबुली त्याच्या भिक्षूंपाशीं देत होते. भिक्षापात्राच्या वारसांस सरदारांची ढाल शोभूं लागली होती.

संघांत दोन ढाली चालतात. पहिलींत आमचा कुत्रा आहे. पांढऱ्या ढालीवर वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून काळा रंग तिरपा खालीं उतरतो आणि मधोमध, टोंक वर असलेला पांढरा त्रिकोण राहतो. खांद्यावरून घेतलेला काळा झगा समोरून उघडा राहावा व आंतील पांढरा अंगरखा दिसावा, तशी ही आकृति दिसते. फ्रेंच भाषेंतील तिचें पारिभाषिक नांवही झग्यावरूनच पडलेलें आहे. या पांढऱ्या जागेंत पुस्तक, त्यावर कुत्रा, त्याच्या तोंडांत मशाल, जवळ पृथ्वीचा गोल, शिवाय लिलीचें फूल, खजुराची फांदी व मुकुट, आणि माथ्यावर तारा, अशी गर्दी असते. चित्रकाराप्रमाणें तपशील थोडेफार बदलतात. दुसरी ढाल याच्या उलट अगदीं साधी आहे. मध्यबिंदूंतून निघालेले आठ त्रिकोण, एक काळा, एक पांढरा. त्यांवर एक क्रूस, ज्याचीं टोंकें लिलीच्या पाकळ्यांप्रमाणें उमललेलीं. खालीं जेथें काळें आहे तेथें क्रूस पांढरा होतो, आणि जेथें पांढरें आहे तेथें काळा. मला स्वतःला ही दुसरी ढाल अधिक आवडते. पहिलींत सांगण्याची हौस फार आहे.

काळ्यापांढऱ्याचा अर्थ भाविक ग्रंथांतून ठराविक सांगतात: पांढरा म्हणजे शुचिता, काळा म्हणजे तपश्चर्या. अर्थ सुंदर आहे, पण तो मागाहून लाविलेला आहे. डोमिनिक हा मूळचा ओस्मा येथील कॅथीड्रलचा पुरोहित. सेंट ऑगस्टीनच्या नियमाप्रमाणें राहणाऱ्या त्या पुरोहितांचा वेष म्हणजे पांढरा अंगरखा आणि बाहेर जातांना वरून काळा झगा. नवा संघ काढतांना डोमिनिकनें ऑगस्टीनचाच नियम घेतला, आणि वेषही थोड्या फरकानें तोच राहिला. लंडनमध्यें लोक या भिक्षूंना रस्त्यांत काळ्या झग्यांतच पाहात, म्हणून त्यांना 'काळे भिक्षु' म्हणूं लागले. त्यांच्या मठाच्या जागेचें ब्लॅकफ्रायर्स हें नांव अद्याप तेथील पुलाला आणि रेल्वे स्टेशनाला आहे. प्रवासाच्या झग्याचा रंग असा आधीं वेष झाला, मग नांव झाला, मग ढाल झाला, आणि शेवटीं तत्त्वज्ञान झाला. चिन्हांच्या इतिहासांत हा क्रम वारंवार दिसतो. अर्थ बहुधा मागून चालत येतो.

कुत्र्याचें मात्र तसें नाहीं. तो आरंभापासून आहे. डोमिनिकच्या पश्चात् संघाचा प्रमुख झालेला सॅक्सनीचा जॉर्डन यानें १२३३ च्या सुमारास संघाच्या आरंभाविषयीं एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्यांत अशी कथा आहे कीं, डोमिनिक पोटीं येण्यापूर्वीं त्याच्या आईस एक दृष्टान्त झाला: आपल्या उदरांत कुत्र्याचें पिलूं असून त्याच्या तोंडांत पेटलेली मशाल आहे, तें बाहेर पडून साऱ्या जगाला आग लावीत चाललें आहे. अर्थही जॉर्डननेंच सांगितला आहे. हा मुलगा थोर उपदेशक होईल, पापांत निजलेल्यांना भुंकून जागें करील, आणि ख्रिस्त जो अग्नि पृथ्वीवर टाकावयास आला तो सर्वत्र पसरवील.

आतां माझी व्युत्पत्ति पाहा. 'डोमिनिकुस' हें 'डोमिनुस', म्हणजे प्रभु, या शब्दापासून सरळ व्याकरणानें झालेलें विशेषण आहे, अर्थ, प्रभूचा. पोर्तुगीज भाषेंत रविवारास दोमिंगो म्हणतात तें तो प्रभूचा वार म्हणून, आणि गोव्यांतील ख्रिस्ती घरांत आढळणारें दोमिंगो हें नांव याच कुळांतलें. त्यांत कुत्र्याला कोठेंच जागा नाहीं. संघाचें खरें नांव तर 'उपदेशकांचा संघ' असें आहे. त्याच्या भिक्षूंना सर्रास 'डोमिनिकानी' म्हणण्याचा प्रघात पडण्यापूर्वींच स्वप्नांतला कुत्रा लिहून ठेवलेला होता. कोटीमुळें कुत्रा आला नाहीं. कुत्रा होता म्हणून कोटी सुचली.

पण इतिहासाच्या अभ्यासकानें येथेंही थांबूं नये. असेंच स्वप्न आणखी एका आईस पडलें होतें. बाराव्या शतकांतील सुप्रसिद्ध संत क्लेअरव्होचा बर्नार्ड याच्या चरित्रांत, त्याच्या आईनें गर्भांत भुंकणारें कुत्र्याचें पिलूं पाहिलें, अंग पांढरें आणि पाठ तांबूस, अशी हकीकत आहे. आणि हें चरित्र डोमिनिकच्या जन्मापूर्वींच लिहिलें जाऊं लागलें होतें. म्हणजे उपदेशकाच्या आईला कुत्र्याचें स्वप्न पडावें हा तत्कालीन चरित्रकारांचा एक संकेतच होता. त्याचेंही मूळ आणखी मागें जातें. जुन्या करारांत यशया संदेष्टा आपल्या काळच्या पहारेकऱ्यांना मुके कुत्रे म्हणून धिक्कारतो. त्यांना भुंकतां येत नाहीं. यावरून जो भुंकतो तो खरा उपदेशक, असा अर्थ आपोआप निघाला. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप थोरला ग्रेगरी यानें लाजरस नांवाच्या भिकाऱ्याच्या गोष्टीवर प्रवचन केलें. त्या भिकाऱ्याचे व्रण कुत्रीं चाटीत असत. कुत्र्याच्या जिभेनें जखम बरी होते, उपदेशकाच्या जिभेनें पाप्याची जखम बरी होते, असें ग्रेगरीनें विवरण केलें. भुंकणें आणि चाटणें, हे जिभेचे दोन धर्म होत. आपल्याकडे दत्ताच्या पायाशीं बसलेल्या चार कुत्र्यांना चार वेद मानतात, तेव्हां या कल्पनेनें मराठी वाचकाचें मन बिचकण्याचें कारण नाहीं. माझ्या वर्गांत पिकणारा हंशा, आतां वाटतें, आम्ही इंग्रजी शाळांतून उचललेला होता.

जॉर्डनच्या कुत्र्याला चावावयाचें मात्र ठाऊक नव्हतें. तें काम पुढें चित्रकारानें दिलें. फ्लॉरेन्स येथें सांता मारिया नोव्हेल्ला नांवाचा डोमिनिकन मठ आहे. त्याच्या सभागृहाच्या भिंती चौदाव्या शतकाच्या सातव्या दशकांत आंद्रेआ दि बोनायुतो या चित्रकारानें रंगविल्या. पुढें स्पॅनिश लोक तेथें उपासना करूं लागले, म्हणून त्या जागेस स्पॅनिश चॅपेल म्हणतात. एका भिंतीवर पोप आणि बादशहा शेजारीं शेजारीं बसले आहेत, मागें फ्लॉरेन्सचें कॅथीड्रल आहे, आणि गंमत अशी कीं त्यावर घुमट आहे. खरा घुमट बांधून व्हावयास तेव्हां सुमारें सत्तर वर्षांचा अवकाश होता! पोपच्या पायाशीं मेंढरें निजलीं आहेत आणि त्यांच्या राखणीस काळे-पांढरे कुत्रे बसले आहेत. थोडें उजवीकडे तेच काळे-पांढरे कुत्रे लांडग्यांवर तुटून पडले आहेत, आणि डोमिनिक त्यांना हात करून पुढें घालीत आहे. त्याच्या जवळच दुसरे भिक्षु पाखंड्यांशीं वाद करीत आहेत. एक पाखंडी तर आपलें पुस्तक फाडीत आहे. मेंढरें कोण, लांडगे कोण, हें सांगण्याची जरूर नाहीं. स्वप्नांतील पिलूं जगाला जागें करणार होतें. भिंतीवरील कुत्रा दांत वापरतो. शंभरसवाशें वर्षांत एकाच प्रतीकाचा एवढा प्रवास झाला.

ढालीवरील बाकीच्या वस्तु थोडक्यांत सांगतां येतील. तारा हा डोमिनिकच्या कपाळावरचा. जॉर्डनच्या पुस्तकांत तेथें चंद्र आहे. पुढील चरित्रांत त्याचा तारा झाला, आणि तो नामकरणाच्या वेळीं धर्ममातेनें पाहिला असें ठरलें. बोलोन्याची सिसिलिया नांवाची एक भिक्षुणी डोमिनिकला प्रत्यक्ष ओळखत असे. म्हातारपणीं सांगितलेल्या आठवणींत तिनें त्याची मध्यम उंची, सडपातळ बांधा, किंचित् तांबूस केंस यांचें वर्णन केलें, आणि कपाळावरून एक तेज फांकत असे असेंही म्हटलें. तारा बहुधा अशाच एखाद्या आठवणीचा गोठलेला आकार असावा. लिली शुचितेची, हें सर्वांस ठाऊक आहे.

खजुराची फांदी ही हुतात्म्याची खूण, आणि संघाचा पहिला मोठा हुतात्मा व्हेरोनाचा पीटर. त्याचे आईबाप स्वतः कॅथर पंथाचे, म्हणजे चर्चच्या दृष्टीनें पाखंडी. मुलगा मोठा होऊन पाखंड्यांची चौकशी करणारा इन्क्विझिटर झाला. १२५२ च्या एप्रिलच्या ६ तारखेस कोमोहून मिलानकडे पायीं जात असतांना मारेकऱ्यांनीं त्याच्या डोक्यांत कोयता घातला. वर्षाच्या आंत पोपनें त्याला संत ठरविलें. इतक्या त्वरेनें हा मान क्वचितच कोणास मिळाला असेल. चित्रांतून तो डोक्यांत रुतलेल्या शस्त्रासह उभा असतो. परंतु मला या प्रकरणांतील दुसऱ्याच मनुष्याचें आश्चर्य वाटतें. मारेकरी कारिनो पळून फोर्ली गांवीं गेला, तेथें त्याला पश्चात्ताप झाला, आणि तेथल्या डोमिनिकन मठांतच साधा सेवक-भिक्षु होऊन त्यानें उरलेलें आयुष्य काढलें. ज्याला मारलें त्याचाच काळापांढरा वेष त्यानें घातला. आज त्या भागांत त्यालाही पूज्य मानतात. एकावर एक उलटणाऱ्या काळ्यापांढऱ्या क्रूसाचा अर्थ कोणी विचारला तर मी त्याला व्याख्या न सांगतां कारिनोची गोष्ट सांगेन.

आणि पुस्तक. भिक्षूंनीं शिकलेंच पाहिजे, शिकण्यासाठीं जरूर तर उपासनेंतही सूट घ्यावी, अशी सवलत देणारा हा संघ. आल्बर्ट आणि टॉमस अक्वायनस यांच्यासारखे पंडित त्यांतूनच निघाले. तेव्हां पुस्तक ढालीवर असणें स्वाभाविक आहे. पण डोमिनिकचें आणि पुस्तकाचें नातें एवढें सरळ नव्हतें. तो पालेन्सिया येथें विद्यार्थी असतांना मोठा दुष्काळ पडला. त्या काळीं पुस्तक म्हणजे कातड्यावर हातानें लिहिलेलें, मोलाचें. डोमिनिकच्या प्रतींवर त्याच्या स्वतःच्या टिपाही होत्या. त्यानें तीं सर्व पुस्तकें विकून उपाशी लोकांच्या अन्नाची सोय केली. जिवंत माणसें भुकेनें मरत असतां मेलेल्या कातड्यांवर अभ्यास करीत बसणें आपल्याला जमणार नाहीं, असें तो म्हणाल्याची साक्ष त्याला संत ठरविण्याच्या चौकशींत एका भिक्षूनें दिली आहे. ढालीवरचें पुस्तक मिटलेलें कां, याचें उत्तर चिन्हशास्त्री कांहींही देवोत. मला तें या गोष्टींत सांपडतें.

आतां मशाल. माझ्या उत्तराची खरी चूक येथें होती, आणि ती व्युत्पत्तीच्या चुकीइतकी निरुपद्रवी नव्हती.

१२०३ सालीं डोमिनिक आपल्या बिशपाबरोबर राजकार्यासाठीं उत्तरेकडे निघाला असतां दक्षिण फ्रान्समधील तुलूझ शहरीं मुक्काम पडला. उतारा एका कॅथर गृहस्थाच्या घरीं होता. जड सृष्टि ही दुष्ट शक्तीची निर्मिति, असें हे लोक मानीत. त्यांचे साधु मांस खात नसत व लग्न करीत नसत, आणि चर्चच्या श्रीमंत पुरोहितांपेक्षां लोकांस तेच पवित्र वाटत. डोमिनिकनें त्या यजमानाशीं रात्रभर वाद केला. पहांट झाली तेव्हां यजमान जुन्या धर्मांत परत आला होता. एक दिवा, दोन माणसें आणि रात्रभर बोलणें: स्वप्नांतील मशालीचा मूळ अर्थ हाच असावा. पुढें १२०६ सालीं पोपचे वकील घोडे, नोकर, सरंजाम घेऊन उपदेशाला निघालेले पाहून डोमिनिक व त्याचा बिशप यांनीं त्यांना सुनावलें कीं हा थाट सोडा, अनवाणी चाला, नाहीं तर तुमचें कोण ऐकणार? त्यानंतर जवळजवळ दहा वर्षें तो त्याच मुलुखांत बोलत हिंडला. फळ थोडेंच मिळालें.

कारण मध्येंच दुसरा अग्नि पेटला होता. १२०८ सालीं पोपच्या एका वकिलाचा खून झाला, आणि दुसऱ्या वर्षीं उत्तरेकडील सरदार क्रूस घेऊन या प्रांतावर चालून आले. १२०९ च्या जुलईंत बेझिए शहरांत सरसकट कत्तल झाली. डोमिनिक या काळांत त्याच प्रांतांत होता. फौजेचा नायक सिमों द माँफोर त्याचा स्नेही होता. परत आलेल्या पाखंड्यांस त्यानें कडक प्रायश्चित्तें दिल्याचे दाखलेही आहेत. त्याला अगदीं निर्मळ ठरवावें असा माझा आग्रह नाहीं. पण इन्क्विझिशनचें काम पोप नववा ग्रेगरी यानें या संघाच्या भिक्षूंवर पद्धतशीर सोंपविलें तें १२३३ च्या सुमारास, आणि डोमिनिक वारला १२२१ सालीं. बारा वर्षांपूर्वीं मेलेल्या मनुष्यास मीं त्याचा संस्थापक करून टाकलें होतें.

ही चूक माझी एकट्याची नव्हती, आणि शत्रूंनींच ती पसरविली असेंही नाहीं. ती संघाच्या घरांतूनच निघाली. स्पेनचा पहिला मुख्य इन्क्विझिटर तोर्केमादा हा डोमिनिकन. आव्हिला येथील सांतो तोमास मठाचा तो मोठा आश्रयदाता. तेथेंच १४९८ सालीं तो वारला. त्या मठासाठीं पेद्रो बेर्रुगेते या चित्रकारानें काढलेलें एक चित्र हल्लीं माद्रिदच्या प्रादो संग्रहालयांत आहे. उंच मंचावर न्यायासनीं डोमिनिक बसला आहे, डोक्याभोंवतीं संताचें तेजोवलय आहे, आणि खालीं खांबांस माणसें बांधलीं आहेत. पंधराव्या शतकाचा न्यायाधीश आपल्या कृत्याला तेराव्या शतकाच्या साधूची सही मागत आहे, आणि चित्रकारानें ती करून दिली आहे! स्पेनमध्यें इन्क्विझिशनचे हस्तकही पुढें हाच काळापांढरा क्रूस छातीवर मिरवूं लागले.

क्रूसाला आणखी एक बाजू आहे. बेर्नार गी हा डोमिनिकन भिक्षु १३०७ पासून तुलूझला इन्क्विझिटर होता; त्याच्या निकालांची वही शिल्लक आहे. त्यानें जिवंत जाळण्यासाठीं राजसत्तेच्या हवालीं केलेलीं माणसें सुमारें चाळीस. बाकी शेंकडोंना तुरुंग, यात्रा, आणि कपड्यांवर पुढेंमागें पिवळे क्रूस शिवून वागण्याची शिक्षा. म्हणजे ज्या काळांत क्रूस सरदाराच्या ढालीवर मान म्हणून बसत होता, त्याच काळांत तोच क्रूस शेतकऱ्याच्या सदऱ्यावर अप्रतिष्ठा म्हणून शिवला जात होता. मानचिन्हांचें शास्त्र सर्वांनीं लिहिलें. अपमानचिन्हांचें शास्त्र कोणी लिहिलें नाहीं, पण त्याचें व्याकरण तितकेंच कडक होतें.

तें व्याकरण आपल्या शेजारीं, गोव्यांत, शेवटपर्यंत चाललें. डोमिनिकन भिक्षु १५४८ सालीं गोव्यांत आले; इन्क्विझिशन तेथें १५६० सालीं बसलें आणि मधलीं थोडीं वर्षें वगळल्यास १८१२ पर्यंत टिकलें. तें राजसत्तेच्या आश्रयानें चालणारें न्यायासन होतें, एकट्या डोमिनिकन संघाचें नव्हे, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. देलों नांवाचा एक तरुण फ्रेंच वैद्य दमणला पकडला जाऊन गोव्याच्या तुरुंगांत पडला. १६७६ च्या जानेवारीच्या १२ तारखेच्या मिरवणुकींत तोही चालला, आणि सुटल्यावर १६८७ सालीं त्यानें आपली हकीकत छापली. अनंत काकबा प्रियोळकर यांनीं १९६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या गोव्याच्या इन्क्विझिशनवरील इंग्रजी ग्रंथांत ती वाचावयास मिळते. मिरवणुकींतील वस्त्रांचे प्रकार देलोंनें बारकाईनें सांगितले आहेत. साध्या अपराध्यास पिवळ्या वस्त्रावर तिरपा क्रूस. देलोंला स्वतःला हेंच मिळालें. जाळावयाच्या मनुष्याच्या वस्त्रावर त्याचेंच चित्र, खालीं निखारे, वर झेंपावणाऱ्या ज्वाला आणि भोंवतीं भुतें. आणि शिक्षा ठरल्यावर ज्यानें कबुली देऊन जीव वांचविला, त्याच्या वस्त्रावर त्याच ज्वाला उलट्या, टोंकें खालीं केलेल्या. ज्वालेचें टोंक वर कीं खालीं, एवढ्यावर मनुष्य दुसऱ्या दिवशीं असणार कीं नसणार हें रस्त्यांतील पोरालाही कळे.

मिरवणुकींत डोमिनिकन भिक्षु सर्वांच्या पुढें असत. त्यांच्या पुढें इन्क्विझिशनचा भरजरी ध्वज होता, आणि त्यावर डोमिनिकची मूर्ति विणलेली होती: एका हातांत तलवार, दुसऱ्या हातांत ऑलिव्हची फांदी, आणि न्याय व दया असे दोन लॅटिन शब्द. संघाला हा अग्रमान कां, याचें कारण देलोंनें सरळ दिलें आहे. त्यांचा संस्थापक हाच इन्क्विझिशनचा संस्थापक म्हणून. बेर्रुगेतेचें चित्र, गोव्याचा ध्वज आणि माझें वर्गांतील उत्तर, हीं एकाच माळेंतलीं होतीं. पहिल्या दोहोंनीं तें अभिमानानें सांगितलें, मीं निंदेनें सांगितलें. एवढाच काय तो फरक. मशाल मात्र त्या ध्वजावर नव्हती. तलवार आल्यावर तिची जरूर राहिली नसावी.

तिनें घर मात्र सोडलें नाहीं. १४९८ च्या मे महिन्यांत फ्लॉरेन्सच्या चौकांत ज्याला फांशीं देऊन जाळलें तो साव्होनारोला तेथल्याच सान मार्को या डोमिनिकन मठाचा प्रमुख होता. पोपच्या दरबाराविरुद्ध तो फार मोठ्यानें भुंकला होता. १६०० च्या फेब्रुवारींत रोममध्यें जिवंत जाळलेला जोर्दानो ब्रूनो यानें तरुणपणीं नेपल्सच्या डोमिनिकन मठांत याच संघाची दीक्षा घेतली होती. कुत्र्याच्या तोंडांतील मशालीनें पहिल्यानें कुत्र्याचीच मान भाजावी, यांत नवल कसलें?

पण मूळचें भुंकणेंही कधीं कधीं ऐकूं आलें. कोलंबसच्या मागून स्पॅनिश लोक हिस्पानिओला बेटावर स्थायिक झाले आणि तेथील मूळ रहिवाशांना खाणींत राबवून मारूं लागले. १५११ च्या डिसेंबरच्या २१ तारखेस, रविवारीं, आंतोनियो दे मोंतेसिनोस नांवाचा डोमिनिकन भिक्षु सांतो दोमिंगो शहराच्या देवळांत उपदेशाला उभा राहिला. समोर राज्यपाल आणि सर्व बडे जमीनदार बसले होते. या लोकांना तुम्ही कोणत्या अधिकारानें असें वागवितां, हीं माणसें नव्हेत काय, असें त्यानें त्यांच्या तोंडावर विचारलें. भाषण त्याचें एकट्याचें नव्हतें. त्या लहानशा मठांतील सर्व भिक्षूंनीं तें आधीं एकत्र बसून लिहून त्यावर सह्या केल्या होत्या. लोक चवताळून मठाच्या दारीं गेले. पुढच्या रविवारीं मोंतेसिनोस माघार घेईल असें त्यांना वाटलें. तो उभा राहिला आणि आधींपेक्षां जहाल बोलला. ही हकीकत लिहून ठेवणारा लास कासास त्या वेळीं त्याच बेटावर अशाच बंदी रयतेचा धनी होता. तीनेक वर्षांनीं त्यानें ती रयत सोडून दिली, आणि आणखी कांहीं वर्षांनीं हाच काळापांढरा वेष घेतला. यशयाचे मुके कुत्रे त्या रविवारीं तरी मुके राहिले नाहींत.

सुटी संपल्यावर मी त्या विद्यार्थ्याला बोलावून हें सारें सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग डोमिनिकची स्वतःची अशी काय खूण होती?" त्याला काय सांगावें, हें मला लगेच सुचेना. घरीं जाऊन पुन्हा साक्षी चाळल्या. १२२१ च्या उन्हाळ्यांत डोमिनिक तापानें फणफणत बोलोन्याच्या मठांत परत आला. साऱ्या संघाचा हा प्रमुख, पण मठांत त्याची स्वतःची खोली नव्हती, बिछाना नव्हता. त्याला मोनेता नांवाच्या भिक्षूच्या खोलींत, मोनेताच्या बिछान्यावर निजविलें. अंगावरचें वस्त्र बदलावयाचें तर दुसरें नव्हतें. म्हणून मोनेतानें आपला अंगरखा दिला, आणि त्या उसन्या पांढऱ्या अंगरख्यांतच त्याचा प्राण गेला.